कम, होम आणि मंथ

'कॅट'ला बॅट, मॅट, रॅट मिळाले तोवर बरं चाललं होतं. दुसरीतल्या भाचीचा 'राइमिंग वर्ड्स'चा गृहपाठ 'कम'पाशी आला आणि तिने पुढे बिनधास्त 'होम' लिहिलं.

"अगं, 'सम' लिही."

"पण मावशी, दोन्हीकडे शेवटी ओ-एम-ई आहे ना!"

मुद्दा बिनतोड होता. मग वहीच्या मागच्या पानावर तेच शब्द देवनागरीत लिहून दाखवले. कम, होम. नंतर मलाच चेव चढला. बॉम्ब, कोम (कंगवा), टूम (थडगं). इंग्रजीत तिघांचं शेपूट एकच, ओ-एम-बी. आपल्या लिपीत आले की एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत. उलट ब्लू, शू, थ्रू, टू यांची स्पेलिंगं चार गावची, पण तोंडातून निघताना सगळे सख्खे भाऊ.

आपल्याकडे यमक फार स्वस्त. वाक्य बहुधा क्रियापदावर संपतं. आला-गेला, बसला-हसला करत आत्याच्या साठीची कविता चहा उकळेपर्यंत तयार. इंग्रजी ओळीच्या टोकाला मात्र कुठलाही शब्द येऊन बसतो आणि त्याच्यासाठी स्थळं बघत हिंडावं लागतं. जॉन वॉकरने तर १७७५ साली शब्द शेवटच्या अक्षराकडून लावून अख्खा कोश केला. तोही स्पेलिंगवरूनच, म्हणजे कम आणि होम तिथेही एकाच आळीत. (हे भाचीला सांगितलं नाही.)

अठराव्या शतकातला इंग्रज कवी अलेक्झांडर पोप, त्याने 'ओबे'शी 'टी' जुळवलाय. आज वाचताना ठेच लागते, पण त्याच्या काळी चहाला 'टे' म्हणत. उच्चार पुढे निघून गेला, यमक बिचारं तिथेच उभं.

काहींचं लग्नच जमत नाही. 'ऑरेंज'ला वेल्समधला ब्लॉरेंज नावाचा डोंगर आणावा लागतो. आता संत्र्याच्या कवितेत डोंगर कुठे मावायचा? 'मंथ'चीही तीच गत. त्याला इंग्रजीत धड जोडीदार नाही, असं मी जरा विद्वानासारखं भाचीला सांगितलं.

ती पेन्सिल चावत बसली.

"ग्रंथ," म्हणाली. मग, "पंथ. संथ."

मी हातातलं खोडरबर खाली ठेवलं.