तुम्ही विचारलंत म्हणून : 'ब' तुकडी मागे का?

पालकसभेत हा प्रश्न ठरलेलाच. "मॅडम, सातवी 'अ' काय नि 'ब' काय, गणित तुम्हीच शिकवता. मग आमचीच तुकडी मागे का?" आमची शाळा नाशिकच्या सिडकोतली. दोन्हीकडची मुलं त्याच गल्ल्यांतली, बहुतेकांचे वडील सातपूर-अंबडच्या कंपन्यांत. त्यामुळे 'घरचं वातावरण' हे उत्तर इथे खपत नाही. 'ब'चा तास जेवणाच्या सुट्टीनंतर असतो, हे मी बरीच वर्षं सांगून वेळ मारून नेली.

आता द्वारका सर्कल सांगते. संध्याकाळी तिथे कोंडी होते, तेव्हा एकही गाडी बिघडलेली नसते. दोष एकेका गाडीत शोधून सापडत नाही, तो त्यांच्या एकमेकींत अडकण्यात असतो. अशा गोष्टींना जटिल प्रणाली म्हणतात. वर्ग त्यातलाच.

1978 साली मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने दंगलीचं एक गणित मांडलं. 100 माणसं जमलीत. पहिला कुणाचीही वाट न बघता दगड उचलतो. दुसरा, एकाने उचलला तर. तिसरा, दोघांनी उचलला तर. असं करत शेवटचा 99 जणांनंतर. म्हणजे सगळेच सामील. आता फक्त त्या दुसऱ्याला काढून, 'दोघांनी उचलला तरच' म्हणणारा एक आणा. दंगल पहिल्या माणसावरच संपते. 99 माणसं तीच!

दगडाच्या जागी वर केलेला हात ठेवा.

वजा दोन गुणिले वजा तीन. 'अ'मध्ये खिडकीजवळची एक मुलगी बसल्या बसल्या म्हणाली, "मॅडम, उधारी वजा झाली म्हणजे पैसे वाढल्यासारखंच ना?" शेजारणीने लगेच पवननगरचा भाजीवाला आणला : त्याने दोन-दोन रुपयांची उधारी तीनदा सोडली, तर आईचे सहा वाचले. मग जो कल्ला झाला, त्यात माझं शिकवायचं राहूनच गेलं. त्याच दिवशी 'ब'मध्ये एकाने धीर करून "वजा सहा" म्हटलं. मागून कुणीतरी "गेला बारा गावच्या भानगडीत" म्हणालं, वर्ग हसला. मीही हसले, खरं सांगायचं तर. पुढचे पंधरा दिवस हात वर नाही. हात नाहीत म्हणून मीच बोलत राहिले, आणि मी बोलत राहिले म्हणून हात नाहीत. क्लास लावून हे सुटेल असं मला वाटत नाही.

मग 'ब'मध्ये मी स्वतःचं उत्तर विचारायचंच सोडलं. वहीच्या मागच्या पानावर लिहा, शेजाऱ्याला दाखवा, आणि शेजाऱ्याचं सांगा. दुसऱ्याचं उत्तर चुकलं तर आपलं काय जातं! तिसऱ्या दिवशी चार हात वर, आठवड्याने मोजायची गरज उरली नाही.

खुशीत हीच युक्ती 'अ'मध्ये नेली. तिथला चांगला चाललेला कल्ला बंद पडला, सगळे माना घालून मागची पानं भरायला लागले. दोन दिवसांत गुंडाळली.