गाडीतळापर्यंतची वारी

गेली चौदा वर्षं माझ्यासाठी वारी म्हणजे पिठलं-भाकरी. पुण्यात कर्वेनगरला माझा डब्यांचा व्यवसाय आहे, रोज ऐंशी-नव्वद डबे जातात. परभणीकडची एक दिंडी दरवर्षी नाना पेठेत एका शाळेत उतरते, तिला मुक्कामात एक वेळचं जेवण आमच्याकडून असतं. भाकऱ्या थापायच्या, टेम्पोत भरायच्या, पोचवायच्या, विणेकरी बुवांच्या पाया पडायचं आणि पळत परत, कारण घरी डबे खोळंबलेले. इतक्या वर्षांत मी पालखी चालताना कधी बघितलीच नव्हती, खरं सांगते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मला हार्ट अटॅक आला. छातीत कळ वगैरे काहीच नाही, जबडा दुखत होता, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये कुणी दगड ठेवल्यासारखं जड वाटत होतं आणि दरदरून घाम. आदल्या दिवशी एका दवाखान्यात ॲसिडिटी म्हणून गोळी दिली होती, तीच परत घेतली आणि पोळ्या लाटत राहिले. सकाळी सातला सुरू झालेलं, डबे साडेअकराला निघाले आणि मी बाराला हॉस्पिटलमध्ये. बायकांमध्ये पुष्कळदा असंच होतं म्हणे, धाप, मळमळ, जबडा, पाठ, आणि आपण पित्त समजून अंगावर काढतो. बायांनो, हात जोडून सांगते, असं काही झालं तर हातातलं काम टाका आणि ईसीजी काढायला जा. माझी मुख्य रक्तवाहिनी पूर्ण बंद होती, लगेच अँजिओप्लास्टी केली, स्टेंट टाकला, पण त्या पाच तासांत हार्टचा जो भाग गेला तो गेला. पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हार्ट आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३५ टक्के आलं, धडधाकट माणसाचं ५५ च्या पुढे असतं.

गोळ्यांची सवय झाली, अळणी खायचीही झाली. सावकाश राहणं मात्र जमेना. आमच्याकडे कामाला आहेत त्या ताईंनी किचन हातात घेतलं आणि मी आतल्या खोलीत पडून कुकरच्या शिट्ट्या मोजायचे, तीन झाल्या, आता गॅस बारीक केला का नाही, की जीव नुसता वर-खाली. चालायला गेले तरी पुढच्या माणसाला मागे टाकल्याशिवाय चैन पडायचं नाही. फिजिओथेरपिस्ट मुलगी सारखी सांगायची, काकू, चालताना बोलता आलं पाहिजे, वाक्य तुटायला लागलं की वेग जास्त झाला असं समजायचं. मी मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी परत तेच.

जूनमध्ये पंपिंग ४५ वर आलं तेव्हा डॉक्टरांना विचारलं, दिंडीबरोबर सासवडपर्यंत जाऊ का. ते म्हणाले दिवे घाट अजिबात नाही, पुणे-सासवड हा सगळ्यात मोठा टप्पा आहे. हडपसरपर्यंत जा, सपाट आहे, मुलगा जवळपास असू दे आणि जिभेखालची गोळी ब्लाऊजमध्ये ठेवा, पिशवीत नको.

२२ जून २०२५, रविवार. पहाटेच पुलगेटला जाऊन दिंडीत शिरले. ओळखीच्या एक मावशी होत्या, डोक्यावर तुळस, त्यांनी शेजारच्या बाईचे टाळ काढून माझ्या हातात दिले. पितळेच्या दोन वाट्या, मधे दोरी, ती बोटांना गुंडाळायची. दोन्ही हात त्यातच अडकलेले, त्यामुळे घड्याळ बघता येत नाही, मोबाईल काढता येत नाही. ज्ञानोबा माऊली तुकाराम, ज्ञानोबा माऊली तुकाराम, आणि पाऊल त्या ठेक्यातच पडतं, पुढे काढायचं म्हटलं तरी निघत नाही कारण पुढे चौघांची रांग असते आणि त्यांच्या पुढे परत चौघांची. भैरोबा नाल्याला दिंडी थांबली, का थांबली कुणी विचारलं नाही, सगळे जागच्या जागी उभं राहून म्हणत राहिले. फातिमानगरच्या पुढे गेल्यावर एकदम लक्षात आलं की मी तासभर गातेय आणि मला धाप लागलेली नाही. ती फिजिओवाली मुलगी सांगत होती ते हेच की, वारकऱ्यांचं तर चालणंच गात गात आहे.

आणि रामटेकडीच्या आसपास ते बघितलं. वीणा जमिनीवर ठेवत नाहीत हे मला माहीत होतं. बुवा दमले असावेत, सत्तरीच्या पुढचे आहेत. त्यांनी कुणाला हाक मारली नाही, एक तरुण मुलगा स्वतःच पुढे आला, बुवांनी गळ्यातली वीणा काढून त्याच्या गळ्यात घातली, दोघं एकमेकांच्या पाया पडले, भजन एक शब्दही तुटलं नाही. मग बुवा बाजूला झाले, कुणीतरी दिलेलं केळं सोललं आणि दिंडीच्या मागे मागे निवांत चालायला लागले. मी वळून वळून बघत होते, त्यांनी एकदाही पुढे मान उंच करून बघितलं नाही की पोरगा नीट वाजवतोय का. मला तिथेच रडू आलं. मावशी म्हणाल्या, "काय झालं गं माय, दुखायलंय का?" मी नाही म्हटलं आणि टाळ वाजवत राहिले.

वैदूवाडी, मगरपट्टा, मग हडपसरचा गाडीतळ. माऊलींची वाट इथून उजवीकडे सासवडला वळते आणि तुकोबांची सरळ सोलापूर रोडने लोणी काळभोरला जाते. दिंडी वळली, मी कडेला झाले. घाट दिसत नाही तिथून, पण पाय मात्र तिकडेच ओढत होते, खोटं कशाला बोलू. बोटांची दोरी सोडून टाळ मावशींना दिले, दोघी एकमेकींच्या पाया पडलो.

दुपारी घरी ताईंनी पाठवलेला डबा खाल्ला. आमटीत गूळ मी घालते त्यापेक्षा जास्त होता. छान लागली, आणि तसं ताईंना फोन करून सांगितलं.