प्रायव्हेट बँकिंग: कागद पुढे सरकवण्याआधी

प्रायव्हेट बँकिंगमध्ये, म्हणजे श्रीमंत ग्राहकांची संपत्ती सांभाळण्याच्या धंद्यात, बढती एका आकड्यावर ठरते: वर्षभरात नवा पैसा किती आणला. आमच्यात त्याला 'नेट न्यू मनी' म्हणतात. मी रिलेशनशिप मॅनेजर होते तेव्हाही हाच आकडा विचारला जायचा आणि आज विभाग सांभाळते तरी वरून येणारा पहिला फोन त्याचसाठी असतो. बँक चालवायची तर तो लागतोच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या क्षेत्रात वर्षानुवर्षं टिकलेल्या माणसांकडे पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते. आपण कशावर सही करतोय हे समोरच्याला नीट उमगेपर्यंत ती माणसं कागद पुढे सरकवत नसत.

एक जोडपं मला कायम आठवतं. खातं दोघांच्या नावावर, बोलायचे मात्र फक्त पतिराज. व्यवसायासाठी रोकड हवी होती आणि गुंतवणूक मोडायची नव्हती, म्हणून लोम्बार्ड कर्जाचा विषय निघाला. म्हणजे शेअर आणि रोखे तारण ठेवून कर्ज उचलायचं. भक्कम सरकारी रोख्यांवर बँक बरीच मोठी रक्कम देते, शेअरवर त्याहून कमी, आणि सगळा पैसा एकाच कंपनीच्या शेअरमध्ये असेल तर आणखी हात आखडता घेते. बाजार कोसळला की तारण अपुरं पडतं आणि मार्जिन कॉल येतो: पैसे भरा, नाहीतर आम्ही तारण विकू. ती विक्री नेमकी भाव तळाला असताना होते.

मी हे सांगत असताना ते मान डोलावत होते. बाईंनी तारणाच्या यादीवर बोट ठेवलं. "यात माझ्या वडिलांचे शेअरही आलेत का?" आले होते. त्यांना ते तारण ठेवायचे नव्हते आणि तोवर कोणी विचारलंही नव्हतं. ते शेअर वगळून मी कर्जाची मर्यादा पुन्हा काढली, ती जवळपास निम्म्यावर आली. माझ्या वरिष्ठांना ते अजिबात रुचलं नाही. मला मात्र त्या दिवशी आपलं काम काय आहे ते लख्ख कळलं.

पूर्वी या धंद्याचं भांडवल म्हणजे गुप्तता. स्वित्झर्लंडच्या 1934 च्या बँकिंग कायद्यानं ग्राहकाची माहिती फोडणं हा गुन्हाच ठरवला होता. पुढे अमेरिकेचा 2010 चा 'फाटका' (FATCA) कायदा आला, परदेशी बँकांनी अमेरिकी ग्राहकांची खाती तिथल्या करखात्याला कळवावीत असं सांगणारा; 2014 मध्ये ओईसीडी या प्रामुख्यानं श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेनं खात्यांची माहिती देशादेशांत आपोआप कळवण्याचं मानक आणलं, आणि करापासून पैसा लपवण्याची सोय आटत गेली. आता नव्या ग्राहकाला पहिल्या भेटीतच विचारावं लागतं की संपत्ती उभी कशी राहिली. खात्यात आलेली रक्कम कुठून आली हा वेगळा प्रश्न, तो तुलनेनं सोपा. आयुष्यभराच्या कमाईचा माग काढणं अवघड, आणि ते अपमान न करता करावं लागतं. नवख्या मुलांना मी सगळ्यात आधी हेच शिकवते.

मार्च 2023 मध्ये क्रेडिट स्विस ही अडचणीतली स्विस बँक यूबीएस या दुसऱ्या स्विस बँकेनं ताब्यात घ्यायचं ठरलं तेव्हा भागधारकांच्या पदरात थोडंफार पडलं, पण सुमारे 16 अब्ज स्विस फ्रँकचे एटी-वन रोखे (बँक संकटात आली की तोटा सोसायला लावता येतो असे तिचेच रोखे) शून्य करण्यात आले. पैसे परत मिळण्याच्या नेहमीच्या क्रमात भागधारकांचा नंबर शेवटचा, म्हणून अनेकांना तो धक्का होता. असे रोखे जगभर श्रीमंत ग्राहकांच्या खात्यांतही होते. त्यांतल्या कितीजणांना 'संकटात हा रोखा पुसला जाऊ शकतो' हे वाक्य कोणी तोंडी सांगितलं असेल? छापील अटींत ते असतंच. त्या आठवड्यापासून माझ्या टीमला एक नियम लागू आहे: माहितीपत्रक मिटून ठेवायचं आणि पैसे बुडण्याची वाट कोणती, ते साध्या शब्दांत मला सांगायचं. ज्याला ते जमत नाही, त्यानं ते उत्पादन विकायचं नाही. यामुळे विक्री मंदावते, आणि मी ते वर स्पष्ट सांगते.

दुसऱ्या बँकेतून येणारे उमेदवार बहुतेक आपलं 'बुक' पुढे करतात: इतके ग्राहक, इतकी मालमत्ता, सगळे माझ्यामागे येतील. मी ते ऐकून घेते. मग विचारते, कोणत्या ग्राहकाला तुम्ही शेवटचं 'नको' म्हणालात, आणि का? ज्यांच्याकडे खरं उत्तर असतं ते तारीख, रक्कम, ग्राहकाचा चढलेला आवाज, सगळं सांगतात. अशांना मी दुसऱ्या फेरीला बोलावते.