शेरी लिंब: वीरूबाईंच्या आमराईची विहीर

साताऱ्याहून पुण्याकडे जाताना महामार्गावर सुमारे बारा-तेरा किलोमीटरवर लिंब फाटा लागतो आणि तेथून आत तीनेक किलोमीटरवर शेरी लिंबची बारा मोटांची विहीर आहे. मोट म्हणजे बैलांनी ओढून विहिरीतले पाणी वर काढण्याची चामड्याची पिशवी. शेरी म्हणजे राज्यकर्त्याच्या खासगीकडील जमीन, हे ध्यानात ठेवूनच गावात शिरावे. फाल्गुनात आम्ही दोघी भावजया आणि आमच्या वन्सं सकाळी आठला निघालो, ते योग्यच झाले. उन्ह चढल्यावर काठावरचा दगड तापतो.

बहुतेक मंडळी थेट पायऱ्या उतरून आतल्या महालात छायाचित्रे काढू लागतात. माझी विनंती अशी, की आधी वरून काठाने सावकाश एक फेरी घालावी. मोट ओढणाऱ्या बैलजोड्या कोठे चालत असतील, पाणी थारोळ्यात, म्हणजे मोट रिकामी होण्याच्या कुंडीत, पडून पाटाने कोणीकडे वाहत असेल, हे तेथेच उमगते. बारा मोटा एका वेळी चालवायच्या, म्हणजे किमान चोवीस बैल, बारा मोटकरी, त्यांचा चारा-दाणा, शिवाय नाडे म्हणजे मोटेचे दोर आणि चामड्याच्या मोटांची सततची दुरुस्ती. तीनशे आंब्यांच्या बागेसाठी एवढा खटाटोप मांडणाऱ्या बाईंच्या शब्दाला खजिन्यात आणि खासगी कारभारात किती वजन असेल, हे त्या काठावर उभे राहून मला प्रथमच नीट कळले.

त्या बाई म्हणजे वीरूबाई भोसले. त्या साताऱ्याचे छत्रपती शाहू महाराज (संभाजी महाराजांचे पुत्र) यांच्या विवाहित राणी नव्हत्या. सकवारबाई आणि सगुणाबाई या राण्या होत्या. तरीही राजवाड्याचा कारभार वीरूबाईंच्या हाती होता, महाराजांनी पुत्रवत मानलेले अक्कलकोटचे फत्तेसिंह भोसले त्यांच्याच मायेखाली वाढले आणि १७४० मध्ये त्या निवर्तल्यावर वाड्याला त्यांच्यासारखा धाक कोणाचा उरला नाही. विहिरीचे बांधकाम शके १६४१ ते १६४६ मधले, म्हणजे १७१९ ते १७२४ मधले. पेशवे बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून चौथाई-सरदेशमुखी या वसुलीच्या हक्कांच्या सनदा आणि मोगलांच्या कैदेतून सुटलेल्या शाहूंच्या मातोश्री येसूबाईंना घेऊन परतले तेही १७१९ सालीच. गादी नुकती स्थिरावत असताना दरबारातील एका स्त्रीने फळबागेसाठी एवढा दगड घडवून घेतला, ही मला त्या काळाच्या आत्मविश्वासाची मोठी खूण वाटते.

त्यानंतर पायऱ्या उतराव्यात. विहीर अष्टकोनी आहे, खोली सुमारे ११० फूट आणि व्यास ५० फूट. महालातील खांबांवरची शिल्पे आणि भिंतींवरचे शरभ (सिंहासारखे काल्पनिक पशू) निवांत पाहण्यासारखे आहेत. खांबांना हात लावू नये. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असते, म्हणून रबरी तळव्याची पादत्राणे घालावीत. काठावर लहान मुलांचा हात सोडू नये. एस. टी.ने येणाऱ्यांनी परतीच्या गाडीची वेळ फाट्यावर उतरतानाच विचारून घ्यावी आणि पिण्याचे पाणी बरोबर ठेवावे.

हाताशी तासभर असेल, तर कृष्णेच्या पात्रातील कोटेश्वराचे मंदिर जवळच आहे. आम्ही मात्र तो वेळही विहिरीवरच घालवला. वन्सं पुन्हा वर जाऊन मोटेच्या जागी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ पलीकडच्या शेतांकडे पाहत आमराई कुठवर पसरली असेल याचा अंदाज बांधत राहिल्या.