ऐंशीनंतरची गोळी

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात म्हाताऱ्या माणसांचा बीपी मोजायला गेले की ऐकावं लागतं, "आता या वयात गोया कायले खाऊ व माय?" घरचेही माना डोलावतात. मला ते मुळीच पटत नाही. खास ऐंशी आणि त्यापुढच्यांवरच बीपीच्या गोळ्यांची हायव्हेट नावाची मोठी वैद्यकीय चाचणी झाली. ३८४५ जण होते, निकाल २००८ साली आला. औषध नसलेली नकली गोळी घेणाऱ्यांपेक्षा खऱ्या गोळीवाल्या गटात मृत्यू २१ टक्क्यांनी कमी, हार्ट फेल्युअर (हृदय कमजोर पडणं) ६४ टक्क्यांनी. बीपीचं लक्ष्य होतं १५०/८०, त्याहून खाली नाही. अर्थात त्यातले बरेचसे तसे धडधाकट होते, आमच्याकडचे सगळेच तसे नसतात.

म्हणून काटकुळ्या दंडाला लहान पट्टा बांधून मी आधी बसवून मोजते, मग उभं करून. उभं राहताच बीपी घसरला तर लगेच डॉक्टरांना फोन करते. चक्कर येऊन न्हाणीत पडून खुबा मोडला, तर आजी खाटेलाच खिळते.