शेड मोकळी आहे, पावडर कोटिंग टाकू का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तसं महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी हे विचारतंच. परवा सोलापूरच्या पूर्व भागातले एक कारखानदार आले होते. माग भंगारात घातले, शेड मोकळी पडलीय. "अण्णा, पावडर कोटिंगला लई मागणी आहे म्हणतात. टाकू का युनिट?"

मागणी आहे, ती खोटी नाही. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत जॉबवर्क सुरू केलं तेव्हा फॅब्रिकेटर ग्रिलला रेड ऑक्साइड मारून वर ऑइलपेंट फासायचे. आता गिऱ्हाईकच पावडर कोटिंग मागतं. कपाटं, खिडक्यांचे अॅल्युमिनियम सेक्शन, इलेक्ट्रिक पॅनेल (त्यांचा तो ठरलेला ७०३५ नंबरचा फिका राखाडी) सगळं इकडं वळलं. थिनर नाही, वास नाही. गनमधून विजेचा भार घेऊन निघालेली पावडर लोखंडाला चिकटते, उरलेली गोळा करून, चाळून परत वापरता येते. मग १८० ते २०० अंशांच्या भट्टीत पावडर वितळते, पकते आणि ६० ते ८० मायक्रॉनचा थर बसतो.

पण मी त्यांना गन दाखवलीच नाही, मागं, कोटिंगआधी माल धुवायच्या टाक्यांपाशी नेलं. ग्रीस काढायची, गंज काढायची, रंग घट्ट धरावा म्हणून फॉस्फेटची आणि प्रत्येकीनंतर साध्या पाण्याची. खरा धंदा इथं आहे. गिऱ्हाईक रंग बघतं, टाक्या कोण बघतंय? म्हणून दर पाडायचा झाला की पहिली काटछाट इथंच होते. शेजारचा चौरस फुटाला रुपया कमी घेतो म्हणाला, की तो रुपया कुठून काढलाय ते मला न सांगता कळतं.

मीही एकदा केलंय. उन्हाळ्यात टँकर आला नाही. एका अपार्टमेंटच्या गॅलऱ्यांचे ग्रिल अडकले होते, मालक फोनवर फोन. फॉस्फेटनंतरच्या टाकीतलं पाणी गढूळ झालेलं, त्यातच बुडवून काढलं. भट्टीतून माल आरशासारखा निघाला. पहिल्याच पावसाळ्यात बोलावणं आलं. वेल्डिंगच्या सांध्यांजवळ मोहरीएवढे फोड. नखानं खरवडलं तर पापुद्रा निघाला, खाली पांढुरका क्षार आणि गंज. सगळा माल सोलून पुन्हा करून दिला, पदरचे पैसे घालून. बोअरचं पाणी आपल्याकडं जड, तेव्हापासून शेवटचं धुणं आरओच्या पाण्यानं.

दुसरं आपलं ऊन. पावडर थंड जागी ठेवावी लागते, नाहीतर तिच्या गुठळ्या होतात आणि गन थुंकायला लागते. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पत्रा कसा तापतो ते तुम्हाला काय सांगायचं! माझ्या ऑफिसात एसी आहे, पण तो पावडरच्या खोक्यांसाठी. मी बाहेर बसतो.

बाकी कटकटी सगळ्यांनाच आहेत. कच्चा माल पेट्रोकेमिकलचा, त्यामुळं पावडरचे भाव आपल्या हातात नाहीत. छोट्या ऑर्डरींना दहा रंग, आणि रंग बदलताना फवारणीचा बूथ, गन, पाइप सगळं साफ करायचं. काळ्यानंतर पांढरा घेतलात आणि कुठं चिमूटभर काळं राहिलं तर पांढऱ्यावर तीळ पेरल्यासारखं दिसतं. गॅसचं बिल मात्र भट्टीत दोन नग टाका नाहीतर दोनशे, फारसं कमी होत नाही. रोजची भट्टी भरेल एवढं काम देणारी दोन-तीन गिऱ्हाइकं आधी हातात असतील, तरच मशिनरीचं कोटेशन मागवा.

कारखानदार टाकीत वाकून बघत होते. म्हणाले, "आमच्या डाइंगवाल्यांचाही जीव पाण्यानंच खाल्लाय."

"तुमच्या शेडला बोअर आहे ना?"

"आहे की. साडेपाचशे फूट. संक्रांतीनंतर नुसती हवा ओढतंय."