न्यूग्रेंजचे तीन वेढे

डब्लिनच्या दुकानांत ते चिन्ह जिकडेतिकडे दिसतं. लॉकेटवर, मगवर, टी-शर्टवर एका जागी जुळलेली तीन वेटोळी. सोबतच्या कार्डावर ‘प्राचीन केल्टिक चिन्ह’ असं छापलेलं आणि खाली अर्थ. एका दुकानात जन्म-जीवन-मृत्यू, दुसऱ्यात पृथ्वी-आकाश-समुद्र, तिसऱ्यात पिता-पुत्र-पवित्र आत्मा. न्यूग्रेंज हे आयर्लंडमधलं अश्मयुगीन थडगं बघून आल्यापासून मला या कार्डांचा मनापासून राग येतो.

डब्लिनचे बाकीचे दिवस पावसात आणि मावसबहिणीच्या हातचं आयतं खाण्यात गेले. लिहावंसं वाटतंय ते बॉइन नदीकाठच्या न्यूग्रेंजच्या त्या एका टेकाडाबद्दल.

तिथे थेट गाडी नेता येत नाही. अलीकडच्या माहिती केंद्रातून छोटी बस सोडते. समोरची पांढऱ्या गारगोट्यांची भिंत मला आवडली नाही. ती १९७०च्या दशकात उत्खननानंतर पुन्हा उभारलेली आहे, आणि फारच नवी-कोरी वाटते. पण दारासमोरची आडवी शिळा बघून पाय थबकले. तिच्या डाव्या भागात तेच तीन वेढे आहेत. चाक नव्हतं, धातूचं हत्यार नव्हतं, अशा काळात, इसवी सनापूर्वी ३२००च्या आसपास, हे सगळं बांधलं गेलं. तेव्हा गिझाचे पिरॅमिड व्हायला अजून काही शतकं होती. केल्ट या जुन्या युरोपीय लोकांची संस्कृती तर आयर्लंडमध्ये दोन हजारांहून अधिक वर्षांनी रुजली. मग हे चिन्ह केल्टिक कसं?

आत १९ मीटरचा बोळ आहे. सॅक पोटाशी धरून, काही ठिकाणी अंग चोरून, वाकून जायचं. माझ्या पुढच्या गृहस्थांचं जाकीट बाजूच्या कोरीव दगडांना खसाखस घासत होतं आणि मला ओरडावंसं वाटत होतं. शेवटी गाभारा येतो. त्याचं छत दगडावर दगड पुढे सरकवत सहा मीटर उंच नेलंय आणि पाच हजार वर्षांत ते गळलेलं नाही.

मागच्या कोनाड्यात उजव्या हाताच्या शिळेवर पुन्हा तेच तीन वेढे. जेमतेम वीतभर रुंदीचे म्हणावेत, फार तर थोडे मोठे. जवळून बघितलं तेव्हा रेषा सलग कापलेली नाही हे दिसलं. जात्याला टाकी लावतात तसे बारीक-बारीक ठोके शेजारी-शेजारी देत ती ओढलीय. प्रत्येक वेढ्यात दोन रेषा जोडीने आत जातात, आणि एकीचा हात सुटून दुसरीत कधी मिसळतो ते बोटाने हवेत गिरवूनही मला नीट उलगडलं नाही. कोरणाऱ्याचा हात कुठेही चुकलेला नाही. त्या लोकांना लिपी नव्हती, त्यामुळे त्यांनी अर्थ लिहून ठेवलेला नाही. दुकानदाराने त्यावर आपलं कार्ड चिकटवणं म्हणजे त्या हाताचं श्रेय तिसऱ्यालाच देणं.

एका मध्यातून निघणाऱ्या तीन फाट्यांची कल्पना पुढे पुष्कळ ठिकाणी दिसते. इटलीतल्या सिसिली बेटाच्या झेंड्यावर मेदूसाच्या, म्हणजे ग्रीक पुराणातल्या सर्पकेशी राक्षसीच्या, डोक्याभोवती तीन पाय आहेत, ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या आइल ऑफ मॅन बेटाच्या झेंड्यावर चिलखत घातलेले तीन. ते पाय आहेत, धावणारे. इथे नुसतं वळण आहे, आणि मला तेच जास्त भावलं.

मग गाइडबाईंनी दिवे घालवले. दारावरच्या झरोक्यातून वर्षातल्या सगळ्यांत लहान दिवसाच्या सुमारास सकाळी ऊन कसं आत येतं ते विजेच्या दिव्याने दाखवलं. खरं ऊन २१ डिसेंबरच्या आसपास सूर्योदयाला सुमारे १७ मिनिटं आत राहतं. उत्खनन करणाऱ्या मायकल ओ’केलींनी ते १९६७ साली पाहिलं. आता त्या सकाळी आत जायला सोडत निघते, अर्ज हजारोंनी येतात, आणि नंबर लागूनही आयर्लंडचे ढग आडवे येऊ शकतात. बहिणीने आणि मी अर्ज भरलाय. नंबर लागला तर तिकिटाचे पैसे कुठून आणायचे ते नंतर बघू.